फोटो नको, माप घ्या

गेल्या रविवारी पुतण्या फोन घेऊन शेजारी येऊन बसला. पुसद नाक्याच्या पुढं त्यानं प्लॉट घेतलाय, काम जोत्याच्या वर आलंय, आणि आता घर आतून कसं दिसावं याचा शोध सुरू आहे. तासाभरात त्यानं मला पन्नासेक घरं दाखवली. स्वीडनमधलं पांढरंशुभ्र, बालीतलं बांबूचं, जयपूरचं गुलाबी, मुंबईतल्या विसाव्या मजल्यावरचं राखाडी. सगळी देखणी.

“काका, यातलं कोणतं घेऊ?”

मी म्हटलं, “मे महिन्यात दुपारी दोनला वीज गेली, तर यातल्या कोणत्या घरात बसता येईल?”

तो गप्प झाला. मग पुन्हा बोट फिरवायला लागला.

आजचा मजकूर त्याच्यासाठी आहे, आणि यंदा घराला हात घालणाऱ्या सगळ्यांसाठी. दुसऱ्याचं घर पाहून कल्पना घ्यावी, यात वाईट काहीच नाही. चांगली घरं अशीच होत आली. फक्त ती कल्पना आपल्या उन्हात, आपल्या मातीवर उभ्या राहिलेल्या घरातून घ्या. आणि तिथं गेलात की फोटो काढून येऊ नका, माप घेऊन या.

वाशीमला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात करवलं ते वराहदेवानं, आणि वराहदेव म्हणजे वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री. लेण्याच्या भिंतीवर त्याचा लेख कोरलेला आहे. त्यातली वाकाटकांची वंशावळ अभ्यासकांनी खूप चघळली. मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. भिक्षूंसाठी केलेल्या त्या निवासात काय काय आहे ते तिथं सांगितलंय, आणि यादीची सुरुवात गवाक्षानं होते. म्हणजे खिडकी आधी. मग दारं, वीथी, ओटे, मूर्ती, सुबक खांब, पायऱ्या, पाण्याचं मोठं टाकं. आणि सगळ्या ऋतूंत इथं सुखानं राहता येतं, हेही. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या मंत्र्यानं घराची यादी केली ती उजेड आणि वारा आधी धरून. आज आपल्या यादीत पहिलं काय असतं? टीव्हीची भिंत.

आणखी एक गोष्ट. राजशेखर नावाचा मोठा पंडित दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेला. ‘काव्यमीमांसे’त त्यानं काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं ते वत्सगुल्मात. ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला त्यानं ‘वच्छोमी’ म्हटलं, ते वत्सगुल्मवरूनच. आपल्या गावाच्या नावानं एक रीत ओळखली जायची. रीत म्हणजेच स्टाइल. ती आज आपण फोनमध्ये शोधतो आहोत.

तर पुतण्याला गाडीत घातलं आणि मंगरूळपीरवरून कारंज्याला नेलं.

कारंजा हे या जिल्ह्यातलं घर पाहायचं गाव आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक गुरुमंदिरात जातात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परत फिरतात. गावात शिरत नाहीत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस, या चार वेशींच्या आत कापसावर आणि सावकारीवर जगलेलं एक श्रीमंत गाव होतं. किती श्रीमंत? 1670 मध्ये सुरतेची दुसरी लूट झाल्यावर शिवाजी महाराजांच्या फौजेनं वऱ्हाडात मुसंडी मारून कारंजा लुटलं, तेव्हा ती लूट वाहून न्यायला सुमारे 4,000 बैल आणि गाढवं लागली, असं जदुनाथ सरकारांनी लिहून ठेवलंय. मोठ्या बाजारपेठेशिवाय हे होत नाही. त्या पैशाची चव काष्ठासंघी जैन मंदिरातल्या लाकडी कोरीवकामात दिसते. तिथं उभं राहून मान वर केली की सुताराच्या हातात काय असतं ते कळतं.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्टही कारंज्याचीच. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव फिरत होता, एवढा माल एकदम घेणारा कुणी भेटेना. कारंज्याच्या सावकारानं तो सगळा घेतला आणि चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात कालवला, असं सांगतात. गोष्ट आहे, ती गोष्ट म्हणूनच घ्या. पण मला ती आवडते, कारण त्या माणसानं आपली श्रीमंती भिंतीच्या आत घातली. आपण आज रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला चकचकीत पत्रे ठोकतो आणि आतल्या भिंतीला चार इंची विटेवर भागवतो.

माझी मोठी आई कारंज्यात अजून वाड्यात राहते. वाडा मोठा नाही. अर्धा भाऊबंदकीत गेला, अर्धा पावसात गेला, उरला तेवढ्यात ती आणि एक चुलतभाऊ. ढाळजेतून आत गेलो तेव्हा ती ओसरीवर बंगईवर बसून डाळ निवडत होती. पाय जमिनीवर टेकून हलकेच रेटा द्यायचा, बंगई जाते, परत येते, पुन्हा रेटा. डाळीचा एक दाणा सुपाबाहेर पडत नाही.

पुतण्यानं फोन काढला. मी त्याच्या हातात टेप दिला.

बंगईची फळी जमिनीपासून साडेपंधरा इंचांवर. त्यानं लिहून घेतलं आणि मग स्वतः बसून पाहिलं. पाय अचूक टेकले. त्याच्या फोनमध्ये छताला टांगलेली वेताची अंड्यासारखी खुर्ची होती, दोन फुटांवर लोंबकळणारी, पाय अधांतरी. तिच्यात बसून डाळ निवडता येणार नाही, लेकराला मांडीवर घेता येणार नाही, दुपारी आडवंही होता येणार नाही. बंगईवर हे तिन्ही होतं आणि शिवाय दोन पाहुणे बसतात.

भिंत सव्वादोन फूट जाड. त्या जाडीत किती घर बसवलंय ते पाहा. खिडकीत मांडी घालून माणूस बसू शकतो, वाचू शकतो. दाराशेजारी फडताळ. माजघराच्या भिंतीत बळद, त्यात कधीकाळी जवारी भरलेली असायची, खाली बोळकं, वर तोंड. आज त्यात गाद्या-गोधड्या आहेत. कपाट म्हणून खोलीत वेगळी वस्तू नाहीच. सामान भिंतीनं पोटात घेतलंय आणि खोली मोकळी राहिलीय. आपण नऊ इंची भिंतीच्या पुढं दोन फुटांचं प्लायवूडचं कपाट उभं करतो, खोली अरुंद करतो, आणि मग खोली मोठी दिसावी म्हणून त्या कपाटाला आरसा लावतो.

मग देवळी. माजघराच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीलगत एक देवळी आहे, काळीकुळकुळीत. जमिनीपासून चार फुटांवर, नऊ इंच खोल, वर छोटी महिरप. तेलाचा आणि काजळीचा थर इतका बसलाय की बोट लावलं तर चिकटतं. पुतण्या टेप लावून तिथंच रेंगाळला, तेव्हा मोठी आई बंगईवरून बोलली, “काहून रे, भितीले टेप लावतं? भित काय कुठी पळून चालली?”

“मोठी आई, हे देवळी इथंच कायले केली? मधात काहून नाई केली?” त्याची वऱ्हाडी आपोआप बाहेर आली.

“मधात केली असती तं एकाच खोलीत उजेड पडला असता. इथीसा दिवा ठेवला का माजघरात बी उजेड, अन् न्हाणीच्या वाटेवर बी. तेल काय फुकट येत होतं का बाप्पा?”

एक दिवा, दोन जागा. कुणीतरी भिंत उभी राहताना वाकून, डोळा लावून हे ठरवलं असणार. घरातली बाई रात्री कुठून कुठं जाते, लेकरू हातात असताना कुठं अंधार लागतो, हे त्या कुणाला तरी माहीत होतं. घराला तोंडावळा येतो तो अशानं. पाहणारा त्याला शोभा म्हणतो, राहणाऱ्याला तो उजेड असतो.

आता उलट बाजूही सांगतो, कारण वाड्याच्या नुसत्या आठवणी काढत बसणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मोठ्या आईचं स्वयंपाकघर अंधारं होतं आणि धुरानं तिच्या सासूचे डोळे गेले. संडास वाड्याच्या बाहेर, पावसाळ्यात बायकांचे हाल. ढाळजेच्या पुढं गावातल्या निम्म्या माणसांना पाऊल टाकता येत नव्हतं, ओट्याच्या खाली उभं राहूनच बोलायचं. ते कोरीव खांब कुळांच्या घामावर उभे होते. हे सगळं टाकून द्या, खुशाल टाका. स्वयंपाकघराला मोठी खिडकी हवी, ओटा उभ्यानं काम करण्याचा हवा, संडास घरात हवा, आणि दारी आलेल्या प्रत्येकाला आत बसता यायला हवं. जुन्या घरातून काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवायला अक्कल लागते. माप घेताना ती वापरावी लागते. फोटो काढताना लागत नाही.

छताकडे या. मोठ्या आईच्या वाड्याचा उरलेला भाग धाब्याचा आहे. सागवानी तुळया, त्यावर किलचन, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर हातभर खारी माती. पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती चढवायची, नाही चढवली तर गळणार. मेहनतीचं काम आहे आणि ते आता कुणाला जमत नाही, हे मान्य. पण त्याचा हिशोब समजून घ्या. जाड मातीतून ऊन आत यायला वेळ लागतो. दुपारची आग छतातून, भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री मधला चौक सगळी ऊब आकाशात सोडून देतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या पुढं जातो. उघडा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि आपण जेवून आडवे होतो तेव्हा खाली आग टाकायला लागतो. त्याच्याखाली आपण काय करतो? पीओपीचं खोटं छत बसवतो, खोलीची उंची फूटभर कमी करतो, त्यात वीस दिवे खोचतो, पंखा डोक्याजवळ आणतो. मग कूलर, मग एसी. हजारो रुपये अशा छतावर जातात. तेच पैसे स्लॅबच्या वर घाला. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचं अस्तर करा, चुन्याचा पोतारा द्या, वेल चढवा, पश्चिमेच्या भिंतीपुढं पडवी काढा. दिसायलाही तेच चांगलं दिसतं.

एक जखम सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. माझ्या आजोळचा वाडा पडला तेव्हा दाराची चौकट आम्ही विकली. सागाची, गणेशपट्टीवर वेल कोरलेला, दोन्ही बाजूंना पोपट. लाकूडवाला आला, त्यानं कोरीवकामाकडे पाहिलंसुद्धा नाही असं दाखवलं आणि जळतणापेक्षा थोडा वरचा भाव दिला. आम्ही घेतला. कुणाला वेळ नव्हता, आणि ठेवायला जागाही नव्हती. काही वर्षांनी मोठ्या शहरातल्या एका हॉटेलात तसंच दार आडवं टाकून, वर काच बसवून, त्याचं टेबल केलेलं पाहिलं. ते आमचंच होतं असं मी म्हणत नाही. पण त्या काचेवर चहाचा कप ठेवताना माझा हात थांबला. मामी त्या पोपटांना रोज फडक्यानं पुसायची.

वऱ्हाडातून अशी दारं, खांब, हस्त जातात, आणि मग शहरात ‘पारंपरिक लुक’ म्हणून विकली जातात. आमचा पुतण्या तिथला फोटो पाहून इथं प्लायवूडमध्ये त्याची नक्कल करायला निघतो. ज्याच्याकडे अजून असं दार आहे त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: विकू नका. नवं घर त्या दाराच्या मापानं बांधा. चौकट आधी उभी करा, बाकीचं तिच्याभोवती बसवा.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी हे वेळेवर ओळखलं. आयुष्यभर गावोगाव हिंडून त्यांनी दारं, दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी गोळा केली, आणि 20,000 हून अधिक वस्तूंचा तो संग्रह 1975 मध्ये महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी उचलून संग्रहालयात पुन्हा उभा केला. घर करायचं असेल त्यानं फर्निचरच्या दुकानात जाण्याआधी एक दिवस तिथं घालवावा. समया पाहाव्यात, दिव्याची वात कुठं येते ते पाहावं, भांड्याचा कान हातात कसा बसत असेल ते पाहावं.

आणि ज्याच्याकडे पैसाच नाही, त्यानं सेवाग्रामला जावं. गांधीजींच्या बापूकुटीत कोरीव खांब नाहीत. कुडाच्या-मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली चटई. मातीच्याच भिंतीवर मीराबेननं मातीतच ताडाची झाडं उठवली आहेत. त्या खोलीत एवढीच शोभा, आणि ती भिंतीवर टांगलेली नाही, भिंतीतूनच वर आलीय. इव्हान इलिच हा मोठा विचारवंत 1978 मध्ये त्या झोपडीत बराच वेळ बसून राहिला आणि घर म्हणजे काय याबद्दल तिच्याकडून शिकलो, असं त्यानं मांडलं. त्या माणसाला जग फिरून जे सापडलं ते आपल्या विदर्भात, मातीत सारवलेलं आहे.

कापडाचंही तसंच. पुतण्याच्या यादीत आरसे लावलेल्या उशा होत्या, कुठल्याशा कारखान्यात छापलेल्या. आरसेही छापलेले! मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, सगळ्या देशातला बंजारा समाज तिथं येतो, ऑक्टोबर 2024 पासून तिथं बंजारा विरासत संग्रहालय उभं आहे. या जिल्ह्यातल्या तांड्यांवर अजून अशा म्हाताऱ्या आहेत ज्यांच्या हाताला आरसा आणि कवडी टाचायचा टाका ठाऊक आहे. त्यांच्या लेकी-सुना फेटिया-काचळी आता लग्नातच घालतात, त्यामुळं तो टाका घालायला कुणी सांगत नाही. आपण सांगू. एक उशी, एक तोरण, एक दाराचा पडदा. ती मागेल तो भाव द्यायचा, घासाघीस करायची नाही. आठवडाभर डोळे घालून केलेलं काम असतं ते.

निघताना मोठ्या आईनं पुतण्याच्या वहीत डोकावून पाहिलं. तिला अक्षरं लागत नाहीत, पण त्यानं देवळीचं चित्र काढलं होतं ते तिनं ओळखलं. म्हणाली, “महिरप बुटकी काढली तू. दिव्याची ज्योत वर लागन.” त्यानं खोडलं आणि उंच काढली.

परवा मी प्लॉटवर गेलो. मिस्त्री डोकं खाजवत उभा होता. नऊ इंचाच्या भिंतीत नऊ इंच खोल देवळी बसत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुतण्या म्हणाला, मग माजघराची ही एकच भिंत जाड करा, खिडकीही हिच्यातच घ्या, बसायची. मिस्त्रीनं जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या, विटांचा अंदाज घेतला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्यानं स्वतःहून विचारलं, देवळी कोणत्या हाताला पाहिजे.

तेवढ्यात फोन वाजला. कारंज्याहून मोठी आई.

“बंगईच्या कड्या सोडायले सांगतल्या का रे त्या मिस्त्रीले? सया बांधायच्या आधीच सांग. नाई तं मंग स्लॅब फोडत बसशीन.”